घरटी एक

घरटी एकच माणूस, साठीच्या वरचा, असा नियम.
दोघं असले तर चिठ्ठी टाकायची.
सांगलीत गावभागातल्या सातव्या घरी
जिनगोंडा चौगुल्यांची चिठ्ठी निघाली.
"बरं झालं, त्यांचीच निघाली," पद्माक्का म्हणाल्या
आणि पदराला हात पुसून
त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं.

आज वार कोणता?
त्यांनी आक्कांकडे पाहिलं.
महिना?
आक्कांकडे.
आपण कुठल्या गावात बसलोय?
हसले. हे काय विचारणं झालं?
आणि हसत हसतच पुन्हा आक्कांकडे.
"तुम्ही नाही सांगायचं," मी म्हटलं.
आक्कांनी तोंड मिटलं, तरी ओठ हलत होते,
परीक्षेच्या वर्गाबाहेर उभ्या आईसारखे.

तीन शब्द सांगते. नंतर विचारेन.
चाफा. कुलूप. रुपया.

शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर मात्र
ते सावरून बसले.
खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर पसरला,
खालून माझी बोटं धरली.
दोन दाबली. मग पाचही. मग तळव्यावर एक टिचकी.
आणि वाट बघत राहिले.
"हळदीचा भाव सांगतायत," आक्का म्हणाल्या.
"चाळीस वर्षं यार्डात असाच सौदा केला.
काहीतरी दाबा, नाहीतर सोडायचे नाहीत."
मी एक बोट दाबलं.
ते नाराज झाले, छताकडे बघून हिशेब केला,
मग एकदम उदार.
"नवीन दिसतोस. घे जा. उद्या पोती उचल."

माझ्या कागदावर या उत्तराला चौकट नव्हती.

घड्याळ काढलं ते भाकरीसारखं गोल,
आकडे सगळे एका कडेला,
पुराच्या पाण्यानं लोटत नेल्यासारखे.
ते तीन शब्द?
"कुठले तीन?"

दुसरा भाग उदासीचा.
झोप लागते? "लागते," आक्का.
रडू येतं? "नाही."
जगणं नकोसं वाटतं?
"त्यांना नाही हो."
"त्यांना"वर जरा जोर पडला.
माझं पेन थांबलं.
मग मी पुढचा प्रश्न वाचला.

सकाळपासूनची सहा घरं.
पहिल्यात शिकलगार मास्तर, दिवा न लावता बसलेले.
चौथ्यात सून म्हणाली, वय झालं की असंच असतं,
आणि आतून कुणीतरी तिसऱ्यांदा विचारलं, चहा झाला का.
पाचव्यात सगळं ठीक होतं.
इतकं ठीक, की मी पाणी मागून घेतलं.

निघताना आक्कांनी कंबरेची किल्ली काढली.
फाटकाला आतून कुलूप.
"रात्री उठून चालायला लागतात. नदीच्या अंगाला."
किल्ली फिरवता फिरवता, खाली बघत,
"चाफा, कुलूप, रुपया. बरोबर?"
बरोबर, आक्का.
"मला राहतं सगळं ध्यानात.
दुपारी तीन ते पाच तेवढं नुसतं..."
पुढचं बोलल्या नाहीत.
आतून हाक आली, नाव मात्र दुसऱ्याच कुणाचं.
"आले," म्हणाल्या.

त्यांच्या नावाची चिठ्ठी माझ्या मुठीत होती,
घामानं मऊ झालेली, न उघडलेली.

"पुढच्या घरी कोण असतं?" मी विचारलं.
"लीलाबाई.
तिथं नको टाकायला चिठ्ठी.
एकटीच आहे."