किमान

किसुमूच्या त्या दुमजली कचेरीत
पंखा फक्त कागद उडवायला फिरायचा.
ओग्वेनो कागदांवर स्टेपलर ठेवायचा
आणि हातात निळं पेन. लाल नाही.
'लाल मास्तरांचं,' म्हणायचा. 'आपण शिंपी.
उसवायचं, पण माप ज्याचं त्याचंच ठेवायचं.'

मी तेवीस वर्षांची, शब्दांवर जीव.
पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्याच हातानं
'काळाने घाला घातला' खोडून घेतलं.
'काळानं नाही, लॉरीनं. नंबर लिही.'
'पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली' –
'धावले? तू पाहिलंस?
दीड तासानं आले. दीड तास लिही.'
'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे'
यावर तो काही बोललाच नाही,
नुसता खिडकीबाहेर, परिसराकडे बघत राहिला.
मी मुकाट्यानं खोडलं.

हळूहळू हात बसला.
साठ ओळींतल्या तीस काढायच्या
आणि वार्ताहराला कळूही नये काय गेलं,
इतकी तरबेज झाले.
खाली बाजारात बायका सुपात घेऊन
सुक्या ओमेनातली वाळू पाखडायच्या,
वर मी विशेषणं.

मग ऑगस्टातली ती रात्र.
दिवे लावून मासे धरायला गेलेली होडी
सरोवरात उलटली.
बातमी पावणेअकराला आली, पान अकराला सुटणार.
ओग्वेनो तापानं घरी.
'होडी उलटून किमान सात बुडाले.'
काठावर सात देह होते, माझ्यापुढे सात नावं.
मग किमान कशाला?
अंग चोरून उभा असलेला भित्रा शब्द,
शिवाय मथळ्याबाहेर तीन अक्षरं लोंबत होती,
बरोब्बर तीन.
काढला. मथळा चपखल बसला.
मनात म्हटलं, बरा झाला की दाखवीन त्याला.

सकाळी सव्वासातला जिन्यावर एक बाई.
पायात दोन वेगवेगळ्या चपला,
अंक बसच्या तिकिटासारखा घट्ट धरलेला.
'सातच ना?' तिनं विचारलं.
'शेजारच्या पोराकडून दोनदा वाचून घेतलं.
निदान माझा ओबुरा त्यात नाही.
निदान पलीकडच्या काठाला तरी लागला असेल.'

निदान.
मी ज्याला हाकलला होता
त्याचा सख्खा भाऊ तिच्या तोंडात होता.
मी तिला खुर्ची दिली. पाणी दिलं.
दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

दुपारी तो जलपर्णीत अडकलेला सापडला.

संकेतस्थळावर मी सात वीसलाच 'किमान' परत घातलं होतं,
मग सातचे आठ केले,
खाली बारीक अक्षरात 'अद्ययावत',
जणू पहिल्यापासून तसंच होतं.
ओग्वेनो मफलर गुंडाळून, अंगात ताप घेऊनच आला.
ओरडला नाही.
'पडद्यावरचं पुसलंस,' म्हणाला,
'आता बाजारात जाऊन ये.'
गेले.
आमच्याच अंकात तळलेले मासे बांधून देत होते.
तेल झिरपून कागद आरपार दिसायला लागला होता,
सात तेवढा आणखी काळा झाला होता.

संध्याकाळी दुरुस्तीची चौकट लिहायला बसले.
दोन ओळी. अकरा वेळा लिहिल्या.
'अनवधानाने' हा शब्द
अकराही वेळा आपोआप येऊन बसला.
ओग्वेनोनं निळं पेन उघडलं.
'अनवधानानं नाही,' म्हणाला.
'तू विचार करून काढलास.'
आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

आठव्याचं पूर्ण नाव हवं होतं.
ते कसं लिहितात हे तिला सांगता येईना.
तिनं ओच्यातून त्याचं ओळखपत्र काढलं,
मी एकेक अक्षर बोट ठेवून उतरवलं,
पुन्हा ताडून पाहिलं,
पुन्हा.
सिल्वानस ओबुरा, वय एकोणीस.