मिऱ्यांचा रोग

अंसेल्म कुर्दुरिए आमच्या गावात आला
तेव्हा माझ्या चोळीत एक औंस अंडी होती.
रेशीमकिड्यांची. खसखशीएवढी.
सेव्हेनच्या डोंगरात बाया ती अशीच उबवतात,
तागाच्या पिशवीत, छातीशी, चौदा रात्री,
कूस न बदलता.

दोन वर्षं किडे मरत होते.
अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके.
तुतीच्या पानावरून तोंड फिरवून पडून राहायचे.
वरच्या आळीतले कॅथलिक म्हणायचे, खालच्यांचं पाप.
आम्ही खालचे म्हणायचो, वरच्यांचं.
गिरणीमालक म्हणाला, बियाणं जपानहून आणतो,
पैसे आगाऊ.

कुर्दुरिए काहीच म्हणाला नाही.
माळ्यावर भाड्याने राहिला, मेजावर पितळेची नळी मांडली
आणि खल मागितला.
लसूण कुटायचा माझा खल!
त्यात मादी पतंग टाकला, पाण्यात घोटला,
थेंब काचेवर घेतला. ‘बघ, झेली.’

चकचकीत, लांबट, बार्लीच्या दाण्यांसारखं काहीतरी.
दिसले, तर तिची अंडी जाळायची.
नाही दिसले, तर ठेवायची.
एवढंच शास्त्र.
एवढ्यासाठी पॅरिसहून माणूस यावा लागला.

त्या जूनमध्ये मी नऊशे माद्या पाहिल्या.
दुपारनंतर त्याचे डोळे गळायचे, माझे नाही.
मला वाचता यायचं बायबलपुरतं, लिहिता नाही;
निरोगी अंड्यांशेजारी चेस्टनट ठेवायचे,
रोगीशेजारी खडा.
खडेच जास्त लागले.

माझी थोरली, ऑर्तांस, गिरणीत होती.
उकळत्या पाण्यातून कोषाचं टोक शोधायची,
बारा तास, वाफेत.
वसंतापासून खोकत होती.
मी म्हटलं, हिचंही बघा ना.
त्याने चष्मा काढला, पुसला,
पुसलेला पुन्हा पुसला.
‘मला किड्यांचं कळतं, मादाम.’

तो आलेसला गेला त्या रात्री
मी दिवा मोठा केला
आणि तिच्या रुमालावरचं ओलं काचेवर घेतलं.
केवढी गर्दी!
गोल, दोऱ्यासारखं, हलणारं, निपचित.
जत्रेत चोर शोधायला पाठवावं
आणि चोराचा चेहरा कुणी सांगितलेलाच नसावा.

नळीवर फडकं टाकलं.
सकाळी तिचा पेला वेगळा केला, चमचा वेगळा,
धाकट्यांना मामीकडे निजायला धाडलं,
उशी चुलीत घातली. पिसांचा वास दोन दिवस गेला नाही.
शेजारची अपोलोनी म्हणाली,
पोटच्या पोरीशी असं वागतं का कुणी?
काय सांगणार तिला?
एका उन्हाळ्यात मी एकच गोष्ट शिकले होते,
तीही पतंगांची.

शरदात तो गेला. पदक मिळालं म्हणे.
पुढच्या साली गावात पांढरे कोष आले,
वरच्या आळीत आणि खालच्याही.
खल परत लसणाला वापरला नाही मी.

धाकटे तिघंही जगले.
ऑर्तांसने एकदाच विचारलं, पलंगावरून,
‘आई, माझ्यात काय दिसलं गं तुला?’
‘काही नाही. थेंब स्वच्छ होता.’
तिने आपला पेला उचलला,
सावकाश पाणी प्याली,
आणि पेल्याच्या कडेवरून
माझ्याकडे बघत राहिली.