चौथं पान

शेंड्यापासून चौथं पान, त्याचा फक्त देठ.
उन्हं चढायच्या आत चाळीस खुडते,
घरी लसूण ठेचायच्या चिमट्यात पिळते:
थेंबभर हिरवा रस, मीटरवर आकडा.

सासरे म्हणायचे,
लावणीलाच द्या सगळं आणि मोकळे व्हा.
पण जटलंडची ही वाळू
काही धरून ठेवत नाही.
सोमवारी चाळीस मिलिमीटर पडला,
पुढच्या सोमवारी पाला फिका.

गेलं कुठे?
इंगेबोर्गच्या बोअरला विचारा.
तिच्या सुनेला आठवा महिना.
पिण्याचं पाणी गावातून आणतात, बाटल्यांनी.
मला ती काही बोलत नाही.
भेटली की बटाट्यांची चौकशी करते,
अगदी मनापासून,
आणि मी सायकलची घंटी पुसत बसते.

म्हणून आता थोडं थोडं.
भर लावताना एक हप्ता,
गाठी धरताना दुसरा,
पुढे देठ मागेल तेवढंच.

आज आकडा काठावर.
टॉरकिलने खताचं यंत्र जोडलंय,
ट्रॅक्टर घुरघुरत ठेवून
माझ्याकडे बघतोय.
समुद्राच्या अंगाला ढग,
शिशाच्या रंगाचा.
हातातला चिमटा तसाच वर करते:
थांब.