एक, तीन, चार, दोन

डॉक्टरसाहेबांची फियाट अकरा वर्षं
बिब्ब्याच्या झाडाखाली विटांवर उभी होती.
ते नागपूरला गेले ते गेलेच.
विहिरीच्या मोटारीची मजुरी राहिली होती बाबाची,
तिच्या बदल्यात ही.
ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढत आणली,
चारही टायर पंक्चरवाल्याकडून उसने.
मी स्टिअरिंगवर.
म्हणजे नुसतं धरून बसले होते.

मागच्या सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड:
सरकीसकट कापूस, लग्नपत्रिकेचा चुरा,
शर्टाचं एक बटण.
आई दारातूनच म्हणाली, "हे चालन?"
बाबा म्हणाला, "इंजन जाम नाही."
हे काही उत्तर नव्हतं.

मे महिना. दिवसा पाना उचलला की चटका,
म्हणून रात्री, जेवणं झाल्यावर.
कुरडयांच्या घमेल्यात रॉकेल ओतलं बाबानं
आणि आई आठ दिवस आमच्याशी बोलली नाही.
मी त्यात कार्बोरेटर धुवायची.
बल्बभोवतीचे किडे रॉकेलमध्ये पडायचे,
ते काडीनं काढायची.
बाबा एकेक नट सोडवायचा,
मी त्याला चिठ्ठी बांधायची:
डावा वरचा. डावा खालचा. माहीत नाही.
त्याला चिठ्ठ्यांचा राग.
"हाताले मालूम रायते, उत्पला."
त्याच्या हाताला होतं. माझ्या कुठं होतं?
मी पान्यांची पेटी लाथेनं उलटवली
आणि तीन रात्री अंगणात गेले नाही.

चौथ्या रात्री पाहिलं तर
प्लगच्या वायरींना आईच्या शिवणाचा दोरा,
दोऱ्याला गाठी.
एकीला एक गाठ, एकीला दोन,
एकीला तीन, एकीला चार.
जाड बोटांनी मारलेल्या, ओबडधोबड.
त्यानं वर न पाहता म्हटलं,
"एक, तीन, चार, दोन. पाठ कर.
सिदं मोजशीन तं धक्के खाईन."
मला तिसाचा पाढा येतो.
हे मोजणं मात्र शाळेत नव्हतं.
पॉइंटमधली फट मोजायला पट्टी नव्हती,
त्याच्या दाढीची चार पाती एकावर एक ठेवली.
बसली.

दहावीचा निकाल लागला तेव्हा मी गाडीखाली होते.
आईनं मोबाइल आत सरकवला.
गणितात एक्क्याऐंशी.
स्क्रीनवर माझा काळा अंगठा उमटला.
बाबानं वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं,
मग म्हणाला, "तेराचा दे."
मी न पाहता पेटीत हात घातला.
तेराचाच निघाला.
दोघंही काही बोललो नाही.

सुरू झाली तेव्हा सायलेन्सरमधून
आधी ज्वारी उडाली, मूठभर,
मग धूर, मग तो आवाज.
एकतीनचारदोन एकतीनचारदोन.
आई पदराला हात पुसत बाहेर आली,
कुत्रं पळालं.
आणि गिअर अडकला, रिव्हर्समध्ये.
बाबानं दांडी ओढली, दाबली, शिवी दिली.
निघेना.
मग माझ्याकडं पाहून म्हणाला,
"चाल न मंग. आता काहाले थांबतं?"

तर आमची गाडी गावात आली ती पाठमोरी.
मी मान वळवून, जीभ दातांत,
बाबा माझ्या डावीकडं, डोकं खिडकीबाहेर.
शाळेपासून फाट्यापर्यंत.
पानठेल्यावरून कोणी ओरडलं,
"वासनिक मिस्त्री, तोंड कोनीकडं हाय बे हिचं?"
"येऊन तं राह्यली न!" बाबा ओरडला.
इतक्या मोठ्यानं बोललेला
मी त्याला आधी ऐकला नव्हता.

गिअर दुसऱ्या दिवशी निघाला,
दोन रुपयांच्या बुशचं काम.
दारव्ह्याला जाऊन आलो, तोंड पुढं करून.
डाव्या बाजूचा सिग्नल अजून लागत नाही.
डावीकडं वळायचं असलं
की बाबा खिडकीतून हात काढतो.
वळण होऊन जातं,
पऱ्हाटीची वावरं मागं पडतात,
तो हात आत घ्यायचं विसरलेला असतो.
मी आठवण करून देत नाही.