सात मीटर

दुकानदार म्हणाला, "भिया, ये लो, चमक देखो."
चमक नाही पाहिली. नळी मोडून पाहिली,
बिजागरीत खुळखुळ आहे का,
आणि चष्म्यांच्या दांड्या वाकवून झिजलेलं माझं मनगट
त्या स्प्रिंगला पुरतं का.
पुरलं. तिसऱ्या खेपेला.

रामबागेतल्या गच्चीवर सातच मीटर भरतात.
खोक्यात रद्दी ठासली, मागे वाळूचं पोतं.
वत्सूचे पापड उचलले, जिन्याला कडी.

छर्रा बसवायचा, नळी मिटायची,
अर्धा श्वास सोडून उरलेला धरायचा.
मूठ आवळली की उडी मारते,
सैल ठेवली की ऐकते.
(मुलगा असेपर्यंत हे कुणी सांगितलं नाही.
आता तो पुण्यात.)

तीस वर्षं दुकानात विचारत आलो,
खालची ओळ दिसते?
इथं उलटंच.
नळीवरची माशी तेवढी लख्ख,
कागदावरचं काळं वर्तुळ
धूसर होऊ द्यायचं.
गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं तर
दुकान बसलं असतं.

पाच छर्रे.
नळी मोडूनच खाली ठेवली, कागदापाशी गेलो.
वत्सू कडीपलीकडून, "लागला का एखादा?"
थांब गं.
चष्मा खाली राहिला.