उलटी बाजू

धुळ्यात, आग्रा रोडवरच्या आमच्या काचेच्या दुकानात
क्वाबेना आला तेव्हा वीज गेलेली होती.
शिरपूरला फार्मसी शिकत होता. गाव घानातलं,
दोनदा विचारूनही मला नीट लिहिता आलं नाही.
वहीच्या पानांतून त्यानं कापडाची पट्टी काढली,
चार बोटं रुंद, हातभर लांब:
हळदी, हिरवा, मधेच लाल चौकट, काळ्याच्या पायऱ्या.
म्हणाला, केंटे. आजोबांच्या मागावरचं.
अशा पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या
की पुरुषाला पांघरायचं वस्त्र होतं.
फ्रेम करा.

केली. एकशे ऐंशी रुपये येणे,
अजून वहीत आहेत. तो न्यायला आला नाही.

तीन उन्हाळे ती भिंतीवर होती
लोकांच्या गणपतींमध्ये, मयत आजोबांमध्ये,
आणि मी खिडक्यांची तावदानं कापता कापता
तिची घरं मोजत राहिले.
मग तुकडे जमवले: सरबताच्या बाटल्या,
कासाराकडच्या फुटक्या बांगड्या, रंगीत काचा,
आणि इनॅमलच्या पाट्या भाजायची एक जुनी भट्टी.

पहिल्या रात्री सगळं वितळून सलग झालं.
पहाटे गार होताना बोलायला लागलं.
टक्.
टक्.
सात पट्ट्या, सात तडे.

नियाजचाचा मोमीन आरसा बदलायला आलेले.
चाळीस वर्षं आझादनगरात पावरलूमवर,
डावा कान मागालाच देऊन टाकलेला.
तुकडा उचलून नखानं रेघ चाचपली, हसले:
"सुती आन् रेशमी एकाच ताण्यात घेतलं ना, बेटी?
पहिल्या धुण्यात एक आटतं, दुसरं नाही.
कापड चुरगळून घेतं. हे बिचारं तडकतं."

काच आटते, हे मला वडिलांनी सांगितलं नव्हतं.

मग एकाच कासाराकडून, एकाच पेटीतला माल.
भट्टी दोन दिवस उघडायची नाही, चाचांचा दंडक;
स्वतः दारात स्टूल टाकून बसायचे,
झाकणाकडे नुसतं पाहिलं तरी खेकसायचे.

आता अकरा पट्ट्या तांब्याच्या तारेनं शिवून
भंगारात निघालेल्या मागाच्या रुळाला टांगल्यात.
चारच्या उन्हात फरशीवर हळद सांडते,
गिऱ्हाईक पाय उचलून चालतं.

तिसऱ्या पट्टीत एक लाल घर चुकलंय.
चाचांना ते आल्या आल्या दिसलं. बोलले नाहीत.
वळसा घालून मागे गेले,
विणकराची सवय, कापड उलटं करून बघायची:
गाठी कुठं मारल्या, धागे कुठं सोडले.
इकडून मी, तिकडून ते,
मधे तेच हिरवं, तेच काळं.
"याला उलटी बाजूच नाही गं," म्हणाले,
आणि जरा वेळ
हात कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.