रकाना

काइनूमधला नोव्हेंबर. तीनलाच अंधार.
तक्त्यात एक हजार दोनशे अकरा म्हातारी माणसं:
वय, घरापासून दवाखाना किती किलोमीटर,
वर्षातून खेपा किती.

समीकरण सांगतं, अंतर वाढलं की खेपा घटतात.
हे तर शेजारच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे.

ओळ चारशे सात मात्र ऐकत नाही.
आउने कार्पिनेन, चौऱ्याऐंशी.
दवाखाना चार किलोमीटरवर,
बाई जातात एकसष्ट किलोमीटर, दोन बस बदलून,
वर्षातून नऊदा.
टंकनाची चूक समजून खोडणार होते,
खोडण्याआधी फोन लावला.

"इथली नर्स माझ्याशी ओरडून बोलते.
कान शाबूत आहेत माझे.
तिथली हळू बोलते,
आणि हात लावण्याआधी
ते रेडिएटरवर शेकून घेते."

शेकलेल्या हातांसाठी
माझ्याकडे रकाना नाही.
ओळ तशीच ठेवली. रेषा जराशी वाकली,
वाकू दे.

मग शून्यांकडे वळले. तीनशे चार शून्यं.
काही ठणठणीत: लाकडं फोडतात,
डॉक्टरांना नावं ठेवतात.
काहींच्या दारासमोरचा बर्फ
कुणी काढलेलाच नाही.
तक्त्यात दोन्ही सारखीच गोल.
कुठलं कुठलं, याची शक्यता काढता येते,
दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत.

तरी यादीतलं पहिलं नाव काढलं:
एइनो तोल्वानेन, एक्याण्णव, खेपा शून्य.
फोन वाजतोय.
सहा वेळा.
सात.
लाकडं फोडत असेल,
या अंधारात.